मधूकाकांचे विनाथांबा खेळाडू

“हळू बोल गो, चढाईवाला झोपलाय.”

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून हे ऐकू आलं तेव्हा सकाळ सरत आली होती. शेजारचे मधूकाका दारातल्या कोळणीला दटावत होते. या बाईच्या हाकेने पलीकडच्या आळीतली मांजरं उठून येतात. तिने टोपली उतरवली आणि आणखी वरच्या पट्टीत विचारलं, “या वक्ताला झोपलाय? बालंतीन हाय का तो?”

काकांनी टोपलीतली सगळ्यात मोठी सुरमई उचलली आणि दार अलगद लोटून घेतलं.

मधूकाका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, तरी त्यांच्या लेखी माणसं अजून गाड्यांसारखीच धावतात. काशीदच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या कबड्डी संघाचे ते व्यवस्थापक. गावातली पोरं म्हणजे साधी गाडी, कुणीही हात दाखवला की थांबणारी. बाहेरून आणलेला खेळाडू म्हणजे विनाथांबा. “साध्या गाडीनं पण पोचतो गो,” ते मला समजावतात, “पण पोचेपर्यंत फायनल आटपलेली असते.”

कुठला नामांकित खेळाडू कुठल्या संघातून सुटला, कुणाचं मंडळाशी बिनसलं, कोण यंदा मोकळा आहे, याची काकांना खडान्खडा माहिती. लग्नं जुळवणाऱ्या बायकांनी त्यांच्याकडे शिकायला यावं. फक्त त्या बायका मुलाला काही व्यसन आहे का ते विचारतात. काका तेही विचारत नाहीत.

खेळाडू हेरला की ते फोन घेऊन माझ्याकडे येतात. इंग्रजी ऐकलं की मोठा खेळाडू नरम पडतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. घरातला फोन वाजला तरी मी तो आपोआप थांबायची वाट बघणारी. पण इंग्रजी शाळेत शिकल्याचा दंड भरावाच लागतो. मी घसा साफ करून “गुड मॉर्निंग सर” म्हणायचे आणि पलीकडून यायचं, “बोला ताई. राहायची सोय हाय का?” काका माझ्या कानाशी कुजबुजायचे, “इंग्रजी सोडू नको.”

त्यांचे तारे आले आणि निखळले, सगळे मी खिडकीतून पाहिले. एक घाटावरचा गडी होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि सामन्याच्या दिवसापर्यंत तो त्यातून बाहेरच आला नाही. सामन्याला तो ताप घेऊन उतरला. दुसऱ्याने येताच कुणाच्यातरी हळदीत नाचून घोटा मुरगळून घेतला. काका खचले नाहीत. “गाडी फेल झाली म्हणून रूट बंद करतात काय?” ते म्हणाले.

यंदा मात्र त्यांनी कहर केला. एक नाही, तीन तारे आणले, आणि तिघेही चढाई करणारे. तिघांचा मुक्काम काकांकडे. त्यांच्यासाठी ओसरीवर नव्या गाद्या, सकाळी अंडी, दुपारी मासे. एकाला मासे चालत नव्हते, म्हणून त्याच्यासाठी वेगळं वरण. हे सगळं स्वतः काका रांधत होते, कानावर पेन्सिल असावी तसं लसणाची पाकळी ठेवून. गावातली पोरं संध्याकाळी मैदान सारवायची, सराव करायची आणि आपापल्या घरी जेवायला जायची. संघाचा कर्णधार निलेश दिवसभर मिनिडोर रिक्षा चालवतो. तो एकदा ओसरीकडे पाहत म्हणाला, “तीन ड्रायव्हर झाले, काका. गाडी ढकलायला कोन हाय?” काकांनी त्याला पुढे सरकायला सांगितलं.

ज्यांनी कबड्डी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. समोरचा गडी आपल्या अंगणात शिरला की शेजारचे दोघे एकमेकांचा हात धरून साखळी करतात आणि त्याला घेरतात. यात नाव कुणाचंच होत नाही, फक्त गडी बाद होतो. आमच्या तिन्ही ताऱ्यांनी हात धरायलाच नकार दिला. एकाचं म्हणणं, बोट दुखावलं तर पुढचा हंगाम जाईल. उरलेल्या दोघांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं. समोरचा गडी यायचा, निलेश कोपऱ्यातून एकटाच झेप घ्यायचा आणि तिघे तारे, लग्नात आहेर द्यायला थांबलेल्या पाहुण्यांसारखे, हाताची घडी घालून उभे.

तरी कसेबसे आम्ही उपांत्य फेरीत पोचलो. त्या दिवशी सकाळी तिघांतला रणजीत काकांकडे पोटभर पोहे खाऊन बाहेर पडला आणि संध्याकाळी मुरुडच्या संघाचा गणवेश घालून मैदानात आला. तो मोकळा खेळाडू होता, कुठल्याच मंडळाच्या कागदावर नसलेला. त्याने आमच्याहून चांगलं गिऱ्हाईक गाठलं होतं.

गावकऱ्यांनी जे शब्द वापरले ते मला शाळेत कुणी शिकवले नव्हते. रणजीत मात्र सरळ काकांकडे आला आणि वाकून पाया पडला. आता काका याच्या कानाखाली घंटी वाजवणार, म्हणून सगळे पुढे सरसावले. काकांनी त्याला उठवलं, खाली बसवलं आणि त्याच्या डाव्या गुडघ्याची सुटलेली पट्टी नीट बांधून दिली. “घट्ट नाय ना झाली?” एवढंच विचारलं. त्या गुडघ्यावर उड्या मारत रणजीतने आम्हाला हरवलं.

रविवारी व्यायामशाळेत बैठक झाली. फोन मी केले होते म्हणून मलाही बोलावणं होतं. मी दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसले. पुढच्या वर्षीपासून बाहेरचा एकही खेळाडू नको, असं एकमुखाने ठरलं. व्यवस्थापक निलेश. तो काकांना टोचून बोलला नाही, फक्त म्हणाला की आम्ही हरलो तर निदान आमच्या पायांनी हरू. काकांनी मान डोलावली. मग जरा वेळाने, कुणाला विचारावं हे न कळल्यासारखं, भिंतीकडे बघत विचारलं, “म्हणजे वस्तीला कोणच नाय येणार?”

पुष्कळ जण हसले. काकांचा शेवटचा विनोद समजून हसले.

काकांच्या घराकडे उघडणारी खिडकी त्यांना असती, तर ते हसले नसते. काकू गेल्यापासून वर्षातले थोडेच दिवस त्या घरातून फोडणीचा वास येतो, तारे असतात तेव्हा. ते गेले की काका चूल पेटवत नाहीत. चहात पाव बुडवून उभ्याउभ्या खातात आणि कप विसळून पालथा घालतात. तीन उर्मट माणसांची नावडती भाजी कुठली ते ज्याला पाठ होतं, त्याला स्वतःसाठी भात लावायचं सुचत नाही. मागच्या पावसाळ्यात मी आईला हे सांगितलं होतं. आईने डबा पाठवला, तो काकांनी धुऊन, आत दोन नारळवड्या ठेवून परत केला. पुन्हा पाठवायची आमची हिंमत झाली नाही.

बैठक उठत होती. लोक चपला शोधायला माझ्याकडेच येत होते. निलेश माझ्यासमोर वाकला तेव्हा मी त्याच्या चपलेवर हात ठेवला आणि तो थांबला. त्याच्यामागे सगळेच थांबले. कुणीतरी विचारलं, काय गो, बोलायचं हाय काय?

“व्यवस्थापक बदला,” मी म्हणाले, “मुक्काम बदलू नका. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवसांत आपली पोरं काकांकडे राहू देत. एका घरात जेवली तरच ती हात धरतील.”