पर्सिमॉनची हजामत

ज्याच्या हातात वीस वर्षं कात्री आहे, त्याला झाड छाटायला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी त्या हिवाळ्यात छातीठोकपणे जाहीर केलं. माझं केस कापायचं दुकान आहे. दोन मिनिटं एका जागी न बसणाऱ्या पोरांचे केस मी सरळ रेषेत कापतो, तिथे झाड ते काय! ते तर हलतसुद्धा नाही.

झाड पर्सिमॉनचं. दिसायला केशरी टोमॅटोसारखं असलेलं हे फळ सासऱ्यांनी तरुणपणी नोकरीच्या गावी खाल्लं होतं. ती चव जिभेवर राहिली, दात मात्र सगळे गेले. पूर्ण पिकलेलं पर्सिमॉन चमच्याने खाता येतं, म्हणून आमच्याकडे राहायला आल्या आल्या त्यांनी दुकानामागच्या अंगणात कलम लावलं. यंदा फळ धरेल, थोडी छाटणी करून घ्या, असं रोपवाटिकावाला सांगून गेला होता. थोडी म्हणजे किती, हे विचारून या म्हणून बायको माझ्यामागे लागली.

"अहो, बाबा चार वर्षं वाट बघताहेत. नीट विचारून तरी या."

"बाबांचे केस कोण कापतं? मीच ना?"

"म्हणून तर म्हणते."

मी तिकडे कानाडोळा केला. शिडी नव्हती, म्हणून दुकानातली जुनी फिरती खुर्ची अंगणात ओढत नेली आणि तिच्यावर चढलो. पानं गळालेलं झाड म्हणजे झोपेतून उठलेलं डोकं. एकेक शेंडा दोन बोटांत धरला आणि चहूबाजूंनी एकसारखा उडवला. काय गोलाई आली म्हणता! शेवटी कुंपणाकडची बाजू राहिली. तिकडे जरा वाकलो आणि फिरत्या खुर्चीने आपला धर्म पाळला. कात्री गवतात पडली, मी पाण्याच्या टबात. पाय असा मुरगळला की पुढचा महिनाभर मी गिऱ्हाइकांचे केस बसूनच कापले.

झाडाच्या कुंपणाकडच्या बाजूला भलीमोठी शेंडी तशीच राहिली.

दुकानाचं मागचं दार उघडं असलं की ते झाड बरोबर आरशात दिसतं. गळ्याभोवती कापड बांधलेलं गिऱ्हाईक आधी आरशात स्वतःला बघायचं, मग झाडाला, आणि मग काळजीने विचारायचं, हेही तुम्हीच का? एक जण तर अर्ध्यातून उठून गेला. पाय बरा झाला की पहिलं काम त्या शेंडीचं, असं मी ठरवूनच टाकलं.

नेमका त्याच आठवड्यात रोपवाटिकावाला केस कापायला आला. मी मोठ्या कौतुकाने त्याला आरशातलं झाड दाखवलं. त्याने मान वळवून मागच्या दारातून खरं झाडही बघून घेतलं. मग म्हणाला, की याची फळं मागच्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याजवळून फुटणाऱ्या नव्या फुटव्यावर येतात, आणि शेंडे तर तुम्ही केराच्या टोपलीत घातलेत.

"मग आता?" मी विचारलं.

"आता सावली छान पडेल," तो म्हणाला. "ती शेंडी तेवढी राहू द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने घरातल्या सगळ्या कात्र्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. सासरे तेवढं म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी बघू." त्यांच्या वयाच्या माणसाला पुढच्या वर्षीचा वायदा करायला लावणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

वसंतात गोल डोक्याला नुसती पानं आली. शेंडीला मात्र पानांआड फुलं दिसली! मग मी त्या शेंडीची जी चाकरी केली ती सख्ख्या बापाची केली नसेल. बरीच फळं गळून गेली आणि तीन टिकली. फांदी वाकली तेव्हा दुकानातल्या झाडूचा दांडा टेकू म्हणून लावला. पाखरं येऊ लागली तेव्हा गिऱ्हाइकाच्या गळ्याचं कापड फांदीला बांधलं. आता तर झाड खरोखरच केस कापायला बसल्यासारखं दिसू लागलं.

फळं केशरी झाली तशी काढून घरात खिडकीत ठेवली. लोण्यासारखी मऊ होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी बायकोची ताकीद होती. पण बाबांना देण्याआधी खात्री नको का करायला? एका सकाळी मी एक कडक फळ चावलं. इतकं तुरट, की जिभेवर कुणीतरी घोंगडी पसरली! गाल आत, ओठ बंद, शब्द फुटेना. त्याच घटकेला सासरे केस कापायला येऊन खुर्चीत बसले. मी तोंडातून चकार शब्द न काढता केस कापले. ते डोळे मिटून बसले होते.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले, "इतकी शांत हजामत आजवर झाली नव्हती. दोनच उरली ना आता?"

ती दोन मऊ व्हायला पुढचा आठवडा गेला. सासरे रोज अंगठ्याने हलकेच दाबून बघायचे. एके दुपारी त्यांनी वाटी-चमचा मागितला. साल उघडली, आतला गर थरथरला. त्यांनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मी आणि बायको समोरच उभे. यांचीही जीभ धरली तर मी कुठल्या तोंडाने घरात राहणार होतो?

त्यांनी डोळे उघडले, ते भरून आले होते. दुसरा चमचा त्यांनी मुलीला भरवला. मग वाटी निपटून काढली, खिडकीतून झाडाकडे बघितलं, आधी गोल डोक्याकडे, मग शेंडीकडे, आणि म्हणाले,

"जावईबापू, पुढच्या वर्षी सगळं झाड त्या शेंडीसारखंच बिघडवा."