हॉल्व्हरच्या पिकअपला कुठले बार?

शनिवारी सिग्नेच्या बाबांना टेकडीवरच्या दफनभूमीत न्यायचं होतं, आणि मंगळवारी झालेल्या रंगीत तालमीत बाबा अर्ध्या चढावरून खाली पडले.

खरे बाबा, म्हणजे हॉल्व्हर, गावातल्या फ्युनरल होममध्ये निळा सूट घालून शांत झोपलेले होते. पडल्या त्या मेंढ्यांच्या खाद्याच्या गोण्या, वजनाला बाबांएवढ्या. "मला भाड्याच्या काळ्या गाडीतून नेऊ नका. माझा पिकअप, माझा ट्रेलर, बास," असं बाबा जाण्याआधी सांगून गेले होते. म्हणून शेजारच्या व्हर्लिनने पिकअपला ट्रेलर जोडला, ट्रेलरवर गोण्या रचल्या आणि या भागात सगळेच करतात तसं पायथ्यापासून जोर घेऊन गाडी चढावर घातली. मध्यावर मागची चाकं खडीवर टणाटण उडायला लागली. पिकअप बिथरलेल्या खोंडासारखा नाचला, ट्रेलरला हिसके बसले, आणि गोण्या एकेक करत खाली आल्या. एक फुटली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या शेजाऱ्याच्या, ड्वेनच्या बुटांवर रिकामी झाली.

ड्वेनने बूट झटकले. मग सिग्नेची आई आर्डिस म्हणाली, "शनिवारी असं झालेलं मला चालणार नाही."

"स्प्रिंगचे पाटे पिळतात," व्हर्लिन खाली उतरत म्हणाला. "ओझं ओढताना जोर दिला की एक्सल फिरायला बघतो, पाटे पिळतात, आणि चाकं उडतात. ट्रॅक्शन बार हवेत."

ट्रॅक्शन बार म्हणजे एक्सलपासून चासीपर्यंत दोन्ही बाजूंना टाकलेले लोखंडी दांडे. ते एक्सलला फिरू देत नाहीत. सिग्नेला एवढं समजलं, आणि तिला वाटलं, चला, सुटला प्रश्न. ती बिलिंग्ज शहरातल्या ग्रंथालयात काम करायची. तिथे माणूस पुस्तक मागतो, आपण ते काढून देतो.

बुधवारी सकाळी व्हर्लिन बायकोने केलेला, दुःखाच्या घरी नेतात तो खिमा-बटाट्याचा हॉटडिश घेऊन आला. भांडं टेबलावर ठेवून तो बसला. बाबांबद्दल काही तरी बोलायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग बारबद्दल बोलायला लागला.

"बोल्टने आवळायचे घे. आणि चासीकडच्या टोकाला झुलती कडी हवी. म्हणजे पाटे मोकळे हलतात. नाही तर हाडं खिळखिळी होतात."

"कुणाची?"

"बसणाऱ्याची." व्हर्लिनने कॉफीत बघितलं. "निजणाऱ्याचीही."

"छान आहे की," सिग्ने म्हणाली.

दुपारी ड्वेन आला. त्याच्याही हातात हॉटडिशच होता.

"बोल्ट?" सिग्नेने बोल्टचं नाव काढताच तो म्हणाला. "असं कोण म्हणालं? नको, सांगू नकोस, कळलं. पोरी, आपल्या रस्त्यांवर बोल्ट टिकतो होय? वेल्डिंग. एकदा जोडलं की तुझ्या नातवंडांनाही सुटायचं नाही."

"मला मुलंच नाहीत, ड्वेन."

"मग तर काळजीच मिटली."

"छान आहे की," सिग्ने म्हणाली.

या भागात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. नको असलेली गोष्ट 'छान आहे की' म्हणून हळूच बाजूला सारतात, हे लहान मुलालाही माहीत असतं. पण मित्र गेलेला असतो, त्याच्यासाठी काही तरी करायला हात शिवशिवत असतात, आणि अशा माणसाला त्यात होकारच दिसतो. शिवाय व्हर्लिन आणि ड्वेन एकमेकांशी बोलत नसत. काही वर्षांपूर्वी दोघांच्या मधलं कुंपण मोडलं होतं. दोघेही एकमेकांना "राहू दे, मी करतो" म्हणाले, दोघांनीही दुसऱ्याला करू दिलं, आणि व्हर्लिनचा बैल दोन महिने ड्वेनचा गहू खात राहिला. दोघांशीही बोलणारे फक्त बाबा होते. दोघेही शनिवारी शवपेटीला खांदा देणार होते. एकाचे बार निवडले तर दुसऱ्याचा खांदा गेला, हे सिग्नेला रात्री जेवताना उमगलं आणि तिने हॉटडिश बाजूला सारला.

म्हणून गुरुवारी तिने तटस्थ माणूस गाठायचं ठरवलं आणि बिलिंग्जच्या एका दुकानात फोन लावला.

"कुठली गाडी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"हिरवी."

"...साल?"

"मी शाळेत होते तेव्हाची."

"बरं. पाटे आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा आहे का? उंची वाढवायला?"

"उंची कोण कशाला वाढवेल?"

दुकानदाराने सुस्कारा टाकला. कुणी त्याच्या धर्मावर शंका घेतल्यासारखा. मग म्हणाला, "मॅडम, एक्सलच्या नळीची जाडी तरी सांगा."

सिग्ने अंत्यविधीसाठी आणलेला काळा स्कर्ट घालून बघत होती. त्यातच ती आईची शिवणाची टेप घेऊन पिकअपखाली शिरली. खाली चार-पाच नळ्या होत्या आणि प्रत्येकीला चिखलाचा थर होता. तिने सगळ्यांची जाडी मोजून सांगितली. त्यातली एक सायलेन्सरची निघाली.

"असू दे," दुकानदार म्हणाला. "ओढणार काय आहात?"

"वडील."

फोनवर पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वजन किती?" त्याने शेवटी हळू आवाजात विचारलं.

"पेटी धरून की सोडून?"

"माफ करा, मॅडम. मला फार वाईट वाटलं." मग दुकानदारीच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "नेहमी ओढावं लागेल का?"

"नाही. एकदाच."

"काही हरकत नाही. आमच्या बारना आजीवन हमी आहे."

विचार करून सांगते म्हणून सिग्नेने फोन ठेवला. "आजीवन म्हणजे कुणाचं जीवन, आई?"

"बारचं असेल," आर्डिस म्हणाली. "तुझ्या स्कर्टला ग्रीस लागलंय."

शुक्रवारी दुपारी धान्याच्या कोठाराशी दोन गाड्या एकदम येऊन थांबल्या. व्हर्लिनने शहरात जाऊन लाल रंगाचे, झुलत्या कडीचे, नवे कोरे बार आणले होते. ड्वेनने दोन रात्री जागून जुन्या पेरणीयंत्राच्या नळ्यांपासून स्वतः बार घडवले होते. वेल्डिंगची मशीन तो गाडीत घालूनच आला होता. दोघांनी एकमेकांचे बार बघितले. मग दोघांनीही सिग्नेकडे बघितलं.

"त्याला सांग," व्हर्लिन म्हणाला, "त्याचे लाव. मेहनत घेतलीय त्याने."

"त्याला सांग," ड्वेन म्हणाला, "छे, त्याचेच. पैसे घातलेत त्याने."

"तो तुमच्यापासून चार हातांवर उभा आहे," सिग्ने म्हणाली.

"म्हणूनच सांग. मी आग्रह करणार नाही."

"मी तर मुळीच करणार नाही."

"मग दोघांचे एकेक लावूया का?" सिग्नेने काकुळतीने विचारलं. "डावीकडे लाल, उजवीकडे..."

यावर दोघांनी तिच्याकडे अशा करुणेने बघितलं की तिने वाक्य अर्ध्यावरच सोडलं. अर्धा तास दोघे एकमेकांना मोठेपणा देत राहिले. शेवटी "तुला जे बरं वाटेल ते" म्हणून दोघांनी आपापले बार कोठाराच्या दाराला टेकवले आणि आपापल्या घरी निघून गेले. पोरगी शहाणी आहे, ती आपलेच लावून घेणार, अशी दोघांची खात्री होती. लावणार कोण, हे दोघांनीही विचारलं नाही. गावात ते काम त्या दोघांनाच येत होतं.

शनिवारी सकाळी आर्डिसने कॉफी ओतता ओतता विचारलं, "कुठले लावले मग?"

"कुठलेच नाही."

आर्डिसने कप पुढे सरकवला आणि ती हॅट शोधायला गेली.

गाडी कोण चालवणार हाही घोळच होता. व्हर्लिन म्हणाला, "मी पेटीशेजारून चालतो. चाकांवर लक्ष राहील." ड्वेनही तेच म्हणाला. मंगळवारनंतर कुणाचाच ट्रेलरवर भरवसा नव्हता. शेवटी ठरलं, खांदा देणाऱ्या सहाही जणांनी पेटीला हात लावून दोन्ही बाजूंनी चालायचं आणि गाडी सिग्नेने चालवायची. हा पिकअप तिने सोळाव्या वर्षी शेवटचा चालवला होता, तोही थेट कुंपणात घातला होता.

आई शेजारी बसली. सिग्नेने आरशात बघितलं. डावीकडे व्हर्लिन, उजवीकडे ड्वेन, दोघेही चाकांखाली वाकून बघत होते. सगळ्यांच्या मागे बाबांचे थोरले भाऊ टॉरवाल्डकाका होते. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन उन्हाळ्यातच झालं होतं. टॉरवाल्डकाका चालतील तेवढ्याच वेगाने जायचं, दुसरा इलाज नव्हता. तिने चारही चाकं फिरवणारा दांडा ओढला, सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि क्लच सोडला.

पिकअप निघाला. चढ आला. आता उडणार, असं तिला वाटलं. मधला भाग आला, गोण्या जिथे पडल्या तिथे रस्त्यावर अजून खाद्य सांडलेलं होतं. आता उडणार. चिमण्या उडाल्या. चाकं तेवढी जमिनीवरच राहिली. ती एकेक खडा चावून खाल्ल्यासारखी पुढे सरकत होती. ट्रेलरवर बाबा जराही हलले नाहीत.

"आई," सिग्ने पुटपुटली, "हे जोर घेतल्यामुळे होत होतं. नुसतं सावकाश यायचं होतं."

"एवढ्या सावकाश हा माणूस आयुष्यात कुठे गेला नाही," आर्डिस म्हणाली. वरचं फाटक येईपर्यंत सिग्नेने गिअर बदलला नाही.

प्रार्थना झाली, पेटी उतरली, माती झाली. माणसं पांगायला लागली तसे व्हर्लिन आणि ड्वेन पिकअपभोवती घोटाळू लागले. आधी वाकले. मग गुडघ्यांवर बसले. शेवटी सुटाबुटासकट खडीवर आडवे झाले, एक या बाजूने, एक त्या बाजूने. गाडीखाली दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"तुझे नाहीत," ड्वेन म्हणाला.

"तुझेही नाहीत," व्हर्लिन म्हणाला.

सिग्ने माफी मागायला पुढे झाली होती, पण दोघे उठून एकमेकांच्या पाठीवरची धूळ झटकत होते. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"मग चढला कसा?"

"हवा थंड आहे आज."

"टायरही बरे आहेत म्हणायचे."

"सावकाश आलो ना," आर्डिस म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे विधवेकडे बघतात तसं मायेने बघितलं आणि माना हलवल्या.

"चढाचं ठीक आहे, ड्वेन," व्हर्लिन म्हणाला. "पण उतार वेगळा."

"उतार वेगळाच," ड्वेन म्हणाला. "ब्रेक बघायला हवेत." आणि दोघे पुन्हा गाडीखाली शिरले. या वेळी एकाच बाजूने.

खाली चर्चच्या तळघरात कॉफी निवत होती, सँडविचवर झाकलेले रुमाल उचलायला सगळे खोळंबले असतील. सिग्ने त्यांना हाक मारणार, तेवढ्यात आईने तिचा हात धरला. आर्डिस गाडीखालून बाहेर आलेल्या चार बुटांकडे बघत होती, आणि त्यांच्यापलीकडे, ताज्या मातीकडे.

"राहू दे," ती म्हणाली. "आपल्यालाही खाली जायची कुठे घाई आहे."