सासऱ्यांच्या गाडीचा डावा दिवा

मंडळी, हातात कला असली की माणसाला बाजारात जावं लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. म्हणून सासऱ्यांच्या एक्केचाळीस वर्षं जुन्या गाडीचे मागचे दिवे मिणमिणायला लागले, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "मी बनवतो! एलईडीचे!"

सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, शनिवारी तपासणी आहे. गाडी नापास झाली तर मी घरात बसून करू काय?"

"बाबा, तुम्ही निश्चिंत राहा!"

"दिवे लावायचेच आहेत तर धड लावा," बायको म्हणाली.

चार दिवस जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात होतं. एकेका दिव्यात अठ्ठेचाळीस एलईडी, सगळे स्वतः सोल्डर केलेले! बोटं भाजली ती वेगळीच. वर जुनीच लाल काच बसवली, डिकीत अर्धा शिरून तारा जोडल्या आणि बायकोला गाडीमागे उभं केलं.

"ब्रेकचा लागला?"

"लागला!"

"डावा इंडिकेटर?"

"लागला!"

"उजवा?"

"लागला!"

मला आकाश ठेंगणं झालं.

शनिवारी स्टिअरिंगवर सासरे, शेजारी मी, मागच्या सीटवर बायको. इन्स्पेक्टर फॉर्म घेऊन गाडीमागे उभे राहिले.

"डावा इंडिकेटर लावा."

सासऱ्यांनी लावला.

"आजोबा, डावा!"

"डावाच लावलाय!"

"हा उजवा आहे. बरं, उजवा लावा... आता डावा लावलात!"

इन्स्पेक्टर खिडकीशी आले. आवाज एकदम मऊ! "आजोबा, आपण लिहितो तो उजवा हात. आठवतंय ना?"

"मी डाव्या हातानं लिहितो!"

इन्स्पेक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली आणि फॉर्मवर लिहिलं: 'दिवे उत्कृष्ट. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत चालकाने गाडी चालवू नये.'

उत्कृष्ट! मी खूश होऊन वळलो, तर सासरे आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले होते. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "डावं-उजवं कळेनासं झालं बघा मला."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. टेबलावर दिव्यांची तोंडं पलीकडे आणि पाठी माझ्याकडे होत्या! मी माझ्या डाव्या हाताचा तो डावा धरला, आणि बसवताना सगळं उलटं झालं. खोटं कशाला बोलू, क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. किल्ली हातात होती ना! पण सासऱ्यांचा चेहरा बघवेना.

"बाबा, तुम्ही ठणठणीत आहात. तारा मी उलट्या जोडल्यात." मग मी बायकोकडे वळलो. "अगं, तू मागे उभी होतीस ना?"

"तुम्ही 'लागला का' एवढंच विचारलंत! कुठल्या बाजूला लागला, हे कुठे विचारलंत?"

तारांची अदलाबदल केली. काम पाच मिनिटांचं! इन्स्पेक्टरांनी चालकाबद्दलची ओळ खोडली. 'दिवे उत्कृष्ट' तेवढं राहू दिलं, हे आपलं सहज सांगितलं.

"आणि हे दिवे बनवणाऱ्याचं काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"जावयासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही, आजोबा."

सासरे पहिल्यांदाच हसले आणि माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. डाव्या हातानं!