पाहुणे गेमवर बसले

पाहुण्यांचा ऑटो दारात थांबला तरी चंद्रकुमार खेळतच होता. कामिनीने नवऱ्याच्या हातातून गेम हिसकावला आणि जागा सुचेना म्हणून दिवाणाच्या पातळ गादीखाली सरकवला. बंद कसा करायचा, हे तिला माहीत नव्हतं.

तळहाताएवढं ते यंत्र चंद्रकुमारने महिन्यापूर्वी मागवलं होतं. होतं स्वस्तातलंच, पण लहानपणी टीव्हीला जोडायचे ते शेकडो गेम त्यात जसेच्या तसे चालायचे. तेव्हापासून पाटबंधारे खात्यातला हा पन्नाशीचा माणूस दोन्ही हातांनी कामात होता. एकदा तर कामिनीला "घास भरव" म्हणाला होता.

आज मात्र त्यांच्या मुलीला, गुड्डीला, पाहायला साकोलीहून माणसं आली होती. मुलगा अतुल, त्याची आई गोदावरीबाई आणि वडील धनीराम. धनीराम अंगाने भरलेले. ते नेमके दिवाणावर बसले.

"ट्यूं ट्यूं ट्यूं!"

"भाऊ, तुमचा फोन वाजून राहिला," चंद्रकुमार घाईने म्हणाला.

धनीरामांनी खिशातून फोन काढला. फोन गप्प होता. ते जरा सरकले, तसा खालून बॉम्ब फुटल्याचा आवाज आला. गोदावरीबाईंनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की त्यांनी उठून गादीच उचलली.

"शेजारच्या पोट्ट्याचं आहे," चंद्रकुमार म्हणाला.

धनीरामांचं लक्षच नव्हतं. "अरे, हे तं रणगाडेवालं! कॅसेट फुंकून फुंकून खेळत होतो आम्ही. मी सातव्या टप्प्यात मरत होतो."

"सातव्यात?" चंद्रकुमारला राहवलं नाही. "सोपं आहे भाऊ. डावीकडून जा लागते."

दोघं शेजारी बसले. पोहे निवले. अतुल आणि गुड्डी बोलायला गच्चीवर गेली, तेही त्यांना कळलं नाही.

"अवो, पोरगी पाहाले आलो का खेळाले?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"तू पाहून घे ना. मी आयकून राहिलो."

कामिनीने विषय सावरला. "गुड्डीचे आजोबा तुमसरले असतात. तब्येत एकदम..."

"मेला!" धनीराम ओरडले.

गोदावरीबाईंच्या हातातला चमचा थांबला. कामिनी पाणी आणायला म्हणून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

ती परतली तेव्हा गेम धनीरामांच्या हातात होता. चंद्रकुमारचा चेहरा पडला होता.

"काय झालं?"

"काही नाही. भाऊंनी माझ्या जुन्या डावावरच नवा 'सेव्ह' केला." त्याने पडद्याकडे बोट केलं. "एकोणतिसाव्या टप्प्यावर होतो. आता पहिला आला. महिन्याभराचं गेलं."

आता हा माणूस सोयरिकीवर पाणी सोडतो, असं वाटून कामिनीने डोळेच मिटले. पण धनीरामांनी चंद्रकुमारच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक माही आहे, भाऊ. मीच जिंकून देतो परत. पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी येतो! कामिनीने मनातल्या मनात लग्नाचा हॉलसुद्धा ठरवून टाकला.

पाहुणे गेल्यावर गुड्डी म्हणाली, "आई, आम्हा दोघालेही नाही जमत. त्याले पुण्याले राहाचं आहे, मले इथं. भांडण नाही, काही नाही. तोही घरी सांगून राहिला."

कामिनीने जड मनाने साकोलीला फोन लावला. उचलला धनीरामांनी.

"समजलं वहिनी, अतुलनं सांगितलं. पोरं शहाणी आहेत, त्याइचं ते पाहून घेतील. चंद्रकुमारभाऊले सांगा, अकराच्या बसनं येतो."

आणि ते आले. त्या रविवारी, मग त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी त्यांच्या पिशवीत स्वतःचा नवा कोरा गेम होता, आणि सोबत गोदावरीबाईंनी बांधून दिलेला दोघांचा डबा.

शेजारच्या केशरबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय व कामिनी, व्याही आले वाटते? जमलं म्हणा!"

आतून दोघांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. कामिनीने चहाच्या भांड्यात आणखी दोन कप पाणी ओतलं.

"जमलं तं," ती म्हणाली. "पोरीचं तेवढं राहिलं."