सिस्टरने इच्छा विचारली

माणसाच्या तोंडाकडे पाहून मी त्याचं मन वाचतो. आयुष्यभर दाढी-कटिंगचं दुकान चालवलंय. वस्तऱ्याखाली मान दिली की भलेभले खरं बोलतात. त्यामुळे आमच्या वृद्धाश्रमात काहीतरी शिजतंय, हे सगळ्यांत आधी मीच ओळखलं.

त्या सकाळी सिस्टर दार वाजवून आत आली. एरवी ती वादळासारखी घुसायची आणि माझं पांघरूण केळ्याच्या सालीसारखं सोलायची!

"काका, आंघोळ आत्ता की नंतर? तुमची इच्छा."

माणसाला इच्छा कधी विचारतात, तुम्हीच सांगा.

खाली आचारी म्हणाला, "साखर किती घालू? तुमची इच्छा." हाच आचारी माझ्यापासून साखरेचा डबा दागिन्यांसारखा लपवायचा. दुपारी डॉक्टर आले. "तपासू का?" म्हणून परवानगी मागितली, वर खुर्ची ओढून बसले. घाईतला डॉक्टर बसला, की समजून जावं.

"काही इच्छा असेल तर मोकळेपणी सांगा," ते म्हणाले.

माझ्या खोलीत दुसरा एक म्हातारा आहे, रिटायर्ड बस कंडक्टर. त्याची खाट दाराशी, माझी खिडकीशी. खिडकीखाली ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान. नवशिके दिवसभर रिकाम्या पिंपांना धडका देतात. असला तमाशा फुकटात कुठे मिळणार? या खिडकीसाठी कंडक्टर माझ्याशी वर्षानुवर्षं भांडतोय.

"कंडक्टर, माझं तिकीट फाटलं रे," मी म्हणालो. "सगळे इच्छा विचारतायत."

त्याने बोलायला तोंड उघडलं, खिडकीकडे पाहिलं आणि मिटलं. मग हळूच म्हणाला, "मग, आहे का काही इच्छा?"

मला भरून आलं. मी सिस्टरला हाक मारली. "माझी खाट याला द्या. हीच माझी इच्छा."

"नक्की ना काका? कुणी दबाव नाही ना आणला?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं आणि खाटांची अदलाबदल केली.

दाराशी पडून मी मरणाची वाट पाहू लागलो. मरण येईना, भूक मात्र वाढत चालली. शेवटी सिस्टरला गाठलं.

"पोरी, खरं सांग. किती दिवस उरलेत?"

"कशाचे?"

"माझे."

ती खोलीभर हसली. "अहो काका, देशात नवा कायदा आलाय! वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, मर्जीविरुद्ध हलवायचं नाही. मॅनेजरसाहेबांनी हॉलमध्ये सगळ्यांना समजावलं. तुम्ही खिडकी सोडून आला नाहीत. कंडक्टरकाका मात्र पहिल्या रांगेत होते."

मी कंडक्टरकडे वळलो. "ऊठ. माझी खाट दे."

"सिस्टर, हलायची माझी मर्जी नाही," तो बाहेर बघत म्हणाला.

"मग नाही हलवता येणार, काका," सिस्टर म्हणाली. "कायदा आहे."

तेवढ्यात खाली धाडकन आवाज झाला. कंडक्टर पोट धरून हसायला लागला.

"कोण आपटलं रे?" मला राहवेना.

"सांगतो की," तो म्हणाला. "तुझी इच्छा असेल तर."