पुनरावृत्ती अजून जमा झालेली नाही

कासारखेडमध्ये भाषण करायचं म्हटलं, की टाउन हॉलातून एखादा अलंकार उसना आणावा लागे आणि भाषण संपलं, की त्याला हाताला धरून परत पोचवावं लागे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अलंकार पुढच्या दारानं ये-जा करत आणि झाडूवाल्यांच्या वस्तीतली माणसं मागच्या दारानं. यातही बऱ्याच जणांना काही वावगं वाटत नसे.

हौसाबाई रणपिसेला वाटे. तिच्या बापानं जन्मभर तो हॉल झाडला, पण पुढची पायरी काही त्याच्या पायाला लागली नाही. त्याबद्दल ती रविवारी हॉलपुढच्या चौकात बोलणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच!

मागच्या दाराशी उभं राहून तिनं भांडारप्रमुख अच्युतरावांना हाक मारली. "साहेब, एखादं भारदस्त रूपक द्या की."

"रूपक नगराध्यक्षांकडे आहे, बाई. उपमा लग्नाला गेलीय. अतिशयोक्ती निवडणुकीला नेली, ती परत आलीच नाही."

"मग हाय तरी काय?"

"पुनरावृत्ती आहे. पण तिला कुणी नेत नाही. फार डोकं उठवते."

"आले, आले, आले!" आतून आवाज आला आणि नऊवारीतली एक ठेंगणी म्हातारी पुढच्या दारानं बाहेर पडली. हौसाबाईनं वळसा घालून जाऊन तिचा हात धरला.

वस्तीत म्हातारी जेवायला बसली. "आमटीत मीठ कमी, भाजीत मीठ कमी, तुझ्या भाषणात मीठ कमी," म्हणाली, आणि दोनदा जेवली.

रविवारी चौक भरला. हौसाबाई पदर सावरत उभी राहिली, तेव्हा म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं.

"पुढच्या दारानं माझा बाप कधी आला नाही," हौसाबाई म्हणाली. "पुढच्या दारानं माझी आय कधी आली नाही. पुढच्या दारानं माझी लेक जाणार! पुढच्या दारानं..."

तिला पुढचं सुचेना, तोवर अख्खा चौकच तेच बोलायला लागला. शिट्ट्या काय, टाळ्या काय, विचारू नका.

पायरीवर उभे असलेले अच्युतराव म्हणाले, "भाषण उत्तम. मागणीवर विचार होईल. अलंकार तेवढा जमा करा."

हौसाबाईचं तोंड उतरलं. 'विचार होईल' ऐकण्यातच तिच्या बापाचा जन्म गेला होता. पण म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला आणि पायऱ्या चढायला लागली.

"बाई, तुम्ही मागून या."

"हाताला धरून पोचवायचं, साहेब," हौसाबाई म्हणाली. "नियम तुमचाच हाय."

अच्युतरावांनी विचार केला. नियम खरोखरच त्यांचा होता. ते बाजूला झाले आणि हौसाबाई पुढच्या दारानं आत गेली. बापाच्या आठवणीनं तिला रडूही येत होतं आणि हसूही.

अच्युतराव जमा करून घेणार, तोच म्हातारी वळली आणि हौसाबाईला घेऊन बाहेर पडली.

"अहो, एकदा आत आलात ना?"

"एकदा? मला एकदा काही करता येत नाही, भाऊ."

ती पुन्हा आत आली, पुन्हा बाहेर गेली. हौसाबाई दमली, तेव्हा तिच्या लेकीनं हात धरला, मग शेजारणीनं, मग शेजारणीच्या सासूनं. दिवेलागणीपर्यंत सगळी वस्ती पुढच्या दारानं आत जाऊन आली होती, काही हौशी लोक तर दोन-तीनदा.

मागच्या दारापुढं आता जादा खुर्च्या रचून ठेवल्यात. अच्युतराव अजून पुढच्या दाराशी पुनरावृत्ती जमा करून घ्यायला बसलेले असतात. रोज सकाळी हौसाबाई झाडू घेऊन पायरी चढते, तिच्या दुसऱ्या हाताला म्हातारी असते.

"या खेपेला नक्की ना?" ते विचारतात.

"नक्की, नक्की, नक्की," म्हातारी म्हणते आणि हौसाबाईला घेऊन परत पायऱ्या उतरते.