दगाभाऊंचं एक खासगी दुखणं

दगाभाऊंना "कसं काय?" असं विचारायची आमच्या ऑफिसात सोय नव्हती. बाकीचे लोक त्यावर "ठीक" म्हणून पुढे जातात. भाऊ उत्तर द्यायचे. गॅस कुठून कुठे सरकला, गुडघा उठताना वाजतो की बसताना, मूळव्याध सध्या काय म्हणते, सगळं भरल्या कँटीनमध्ये, खणखणीत आवाजात. ऐकणारा हातातली भजी खाली ठेवायचा. "शरीराची काय लाज?" म्हणत भाऊ ती भजी खायचे.

राहायला असोद्याला. घरची थोडी केळी, मुली सासरी, घरात ते आणि कमलवहिनी. मोटारसायकलवरून जळगावला यायचे ते कानाला मफलर गुंडाळून. मे महिन्यातसुद्धा. जळगावचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

एका हिवाळ्यात भाऊ गप्प झाले. कसं काय विचारलं तर "बरं आहे" म्हणू लागले. ऑफिसभर काळजी पसरली.

मी त्यांना चहाच्या टपरीवर गाठलं. "डोकं दुखतं," ते इकडेतिकडे बघून म्हणाले. "एकदम. नारळ फुटल्यासारखं. मग तासभर ठणकतं."

"दाखवलं का कुणाला?"

"जळगावात नको. सगळे ओळखीचे."

मूळव्याध कँटीनला सांगणारा माणूस डोकेदुखी का लपवतो, हे मला कळेना. शिवाय खाटही बाहेर ओट्यावर टाकली होती म्हणे. ऐन थंडीत. घरात गुदमरतं, असं कारण.

माझा मावसभाऊ धुळ्याला डॉक्टर होता. त्याच्याकडे गेलो. वहिनीही हट्टाने आल्या. आत गेल्यावर मी बाहेर निघू लागलो तर भाऊंनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

"केव्हा दुखतं?" डॉक्टरने विचारलं.

"जोर पडला की."

"कसला जोर?"

भाऊ पंख्याकडे बघत म्हणाले, "घड उचलताना."

"केळीचा?"

"समजा केळीचा."

डॉक्टर घड उचलू नका असं लिहायलाच लागला होता. वहिनींनी पदर सावरला. "केळीनं काही नही, साहेब. रातले आमी संगे ऱ्हातस ना, तवय यासनं डोकं उठस."

मी भिंतीवरच्या डोळ्यांच्या तक्त्यातलं सगळ्यात बारीक अक्षर वाचू लागलो.

डॉक्टर हसला नाही. "असं होतं," तो म्हणाला. "बऱ्याच जणांना होतं, कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं नसतं. पण पहिल्यांदा एवढं एकदम दुखलं तेव्हाच यायचं. आत रक्तस्राव नाही ना, हे आधी बघावं लागतं." त्याने रक्तदाब पाहिला, मान वाकवून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि डोक्याच्या स्कॅनसाठी त्याच दिवशी नाशिकला जायला सांगितलं; धुळ्यात तेव्हा ती सोय नव्हती. "घरात तरी बोलायचं होतं, भाऊ."

"डोकं धरतस ते माले दिसे," वहिनी म्हणाल्या. "पण माले वाटनं, निमित्त शे. मना कंटाळा उना यासले." भाऊंना आपलाच कंटाळा आला, असं त्या धरून चालल्या होत्या.

भाऊंनी माझं मनगट सोडलं. वहिनींकडे न बघता म्हणाले, "मला काय व्हायचं ते होवो. पण तिच्याजवळ झालं असतं तर तिला जन्मभर वाटलं असतं, माझ्यामुळं गेला. म्हणून लांब झोपलो."

एवढ्या हळू आवाजात भाऊ बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

नाशिकचा स्कॅन स्वच्छ आला. आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. डॉक्टरने आधी घ्यायची गोळी लिहून दिली. म्हणाला, घाई करायची नाही, दुखू लागलं तर थांबायचं. यातलं बरंचसं काही महिन्यांत आपोआप जातं.

"म्हणजे चालेल?" भाऊंनी विचारलं.

"चालेल."

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या, पण हसू काही लपलं नाही.

परतीच्या एसटीत ती दोघं पुढच्या बाकावर होती, मी मागे. पारोळा गेल्यावर पाहिलं तर वहिनी भाऊंचं कपाळ बोटांनी हळूहळू चेपत होत्या. लोकांसमोर भाऊंना अवघडल्यासारखं झालं असावं.

"आते काही दुखी नही राहिनं," ते पुटपुटले.

"माले ठाऊक शे," वहिनी म्हणाल्या. "गप बठा."